शिबीर संपल्यावर दम्याचं काय?

मे महिन्याचा पहिला मंगळवार हा जागतिक दमा दिन. १९९८ पासून तो पाळला जातो. श्वासावाटे घ्यायची औषधं सगळ्यांना मिळावीत, हे २०२५ सालच्या दमा दिनाचं घोषवाक्य होतं. घोषवाक्याबद्दल तक्रार नाही. पण मैत्रिणींनो, मेचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या धानोरा तालुक्यात तेंदूपत्त्याचा ऐन हंगाम! पहाटेच घरं रिकामी होतात. दुपारी जंगलातून आल्यावर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते मोजून द्यायचे. अशा दिवशी तालुक्याच्या गावी मंडप टाकून शिबीर भरवलं तर येणार कोण? बाजारपेठेतली आम्ही दहा-वीस माणसं, आणि फोटो काढणारा.

हा विषय आजच काढायचं कारण आकडे आहेत. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे रुग्ण सुमारे साडेतीन कोटी. जगातल्या एकूण दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के आपल्याकडे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त आपल्या देशात. म्हणजे दमा आपल्याकडे जास्त होतो असं नाही, दम्याने माणूस आपल्याकडे जास्त मरतो. आणि हा असा आजार आहे की नीट औषध चालू असेल तर त्याने सहसा कुणी मरू नये.

शिबिरात काय होतं? छातीला नळी लावतात, आठ-दहा दिवसांच्या गोळ्या देतात, कधी एक पंप देतात. अकराव्या दिवशी काय करायचं ते कुणी सांगत नाही. मोतीबिंदूचं शिबीर समजू शकते. एकदा डोळा केला की काम झालं. दमा तसा नाही. तो मधुमेहासारखा घरात राहायला येतो. त्याचं मुख्य औषध तर बरं वाटत असतानाच घ्यायचं असतं. धाप नाही, खोकला नाही, तरी रोज पंप ओढायचा, ही गोष्ट एका शिबिरात कुणाला पटत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा दाराशी येणारं माणूस लागतं.

असं माणूस गावातच तयार होऊ शकतं, हे जगाला दाखवलं ते आपल्याच जिल्ह्याने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, चातगावजवळचं शोधग्राम, हे धानोरा तालुक्यातच आहे. १९८८ च्या सुमारास त्यांनी गडचिरोलीतल्या १०२ गावांत बालकांच्या न्यूमोनियावर काम केलं. ५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. बाकीच्या ४४ गावांत नेहमीसारखंच चालू राहिलं. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. शिकवलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एकसुद्धा दगावत नव्हतं, इतर गावांत तेरा-चौदा दगावत होती.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे श्वास मोजायचं साधन. सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत. म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्याच्या पुढे गेलं तर बाळाला न्यूमोनिया आहे. ज्या बाईला अंगठ्याशिवाय सही येत नव्हती, ती बाई आता निदान करत होती! पुढे १९९९ मध्ये याच पद्धतीने नवजात बाळांच्या घरच्या काळजीचे निकाल आले आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ इथे आहे.

मग दम्यासाठी हे का होऊ नये? दम्यातही श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं एक साधं यंत्र आहे, पीक फ्लो मीटर. चुलीची फुंकणी ज्या हातांनी आयुष्यभर धरली त्यांना ते शिकायला किती वेळ लागेल? रोज सकाळी एक फुंकर, आकडा वहीत. आकडा घसरायला लागला की धाप लागायच्या आधीच कळतं.

फरक आहे तो एवढाच की न्यूमोनिया आठवड्यात बरा होतो, दमा वर्षानुवर्षं चालतो. म्हणून इथे औषधापेक्षा समजुती आधी हाताळाव्या लागतात. आमच्या बचत गटात विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘‘ताई, पंप एकदा लावला का मग सुटतच नाही म्हन्ते.’’ ही भीती खेड्यातच आहे असं नाही, शिकलेल्या घरांतही आहे. म्हणून हिशेब सांगते. दम्याची जी जुनी गोळी दुकानात सहज मिळते ती साल्ब्युटामॉलची. एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध. तेच औषध पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी चाळीस फवाऱ्यांच्या बरोबरीची! गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप थेट जिथे दुखणं आहे तिथेच जातो. मग जास्त औषध कशात आहे, तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट, पंप दोन प्रकारचे असतात आणि हे सांगायला डॉक्टरांनाही बहुधा वेळ नसतो. एक लगेच आराम देणारा. दुसरा श्वासनळ्यांची सूज कमी करणारा, त्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं. आराम देणारा लगेच गुण दाखवतो म्हणून बायका तोच धरून बसतात, दुसरा महाग आणि ‘काही फरक नाही पडत’ म्हणून बंद. खरं तर जीव वाचवतो तो दुसरा. नुसत्या आरामाच्या पंपावर मोठ्या माणसांचा दमा ठेवू नये, असं जागतिक तज्ज्ञांच्या गटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. आणि कॅप्सूलवाल्या यंत्रातली कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, गिळणारे भेटतात! ज्याला एकदा समोर बसवून ‘आता तू करून दाखव’ असं कुणी म्हटलंच नाही त्याचा काय दोष?

लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमत नाही. त्यासाठी मधे एक पोकळ डबा लावतात, स्पेसर. तो मिळाला नाही तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा, बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांनी मुलांवर हे तपासलं, १९९९ मध्ये निकाल छापले. बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली.

आता थोडं आपल्या लोकांबद्दल. कोजागिरीच्या रात्री दम्याचं औषध घातलेली खीर खायला माणसं कुठून कुठून येतात. मृग लागला की हैदराबादला जिवंत मासोळीतलं औषध गिळायला रांगा लागतात, आणि आमच्या जिल्ह्याला तर तेलंगण लागूनच. यावर नाक मुरडणं सोपं आहे. मला त्यात एक गोष्ट दिसते. ठरलेली तिथी, ठरलेली जागा, सोबत गाव, आणि ‘तू पुढच्या वर्षी परत ये’ असं सांगणारं कुणीतरी. सरकारी दवाखान्यातून आपल्याला पुढची तारीख किती वेळा मिळते? खिरीने दमा जात नाही. पण एवढी माणसं एका रात्री जमत असतील तर तिथेच टेबल टाकून पंप कसा ओढायचा ते दाखवायला काय हरकत आहे?

आणि मुलींचं काय? मुलाच्या खिशात पंप दिसला तर कुणी काही बोलत नाही. मुलीच्या पर्समध्ये दिसला तर सोयरीक मोडते, अशी भीती घरोघर. म्हणून ती चोरून पंप घेते, लग्नानंतर तर बंदच करते. मग नव्या घरची चूल, दिवाळीची झाडलोट, चुन्याची रंगरंगोटी, धानाची धूळ, सगळं तिच्याच वाट्याला. पहिल्या बाळंतपणात दमा उसळला की दोष तिच्या माहेराला. गरोदरपणात तर पंप बंद करूच नये, आईला श्वास मिळाला नाही तर बाळाला कुठून मिळेल? हे सासूला सांगायचं काम शिबिराच्या मंडपातून होत नाही. त्याला ओट्यावर बसून चहा घ्यावा लागतो.

धुराचंही आमच्याकडे वेगळंच आहे. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, घरात शेगडी आली, पण सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता. सरपण फुकट, गॅसला रोख पैसे. त्याहून अवघड म्हणजे मच्छर. आमचा जिल्हा मलेरियाचा. संध्याकाळी दार लावून धूर करायचा ही शहाणपणाचीच गोष्ट मानतात. दुकानातली अगरबत्तीची कॉइल तर आणखी वाईट. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण शंभरेक सिगारेटींएवढे असतात, असं तपासणीत आढळलं आहे. आता अशा घरी जाऊन ‘धूर करू नका’ एवढंच सांगणारी बाई निरुपयोगी. मच्छरदाणी आहे का, फाटली आहे का, सगळ्यांना पुरते का, हे आधी विचारायला हवं. मलेरियाची मच्छरदाणी हेच आमच्याकडचं दम्याचं औषध. पण मलेरियावाले वेगळे, दम्यावाले वेगळे, दोघांची वही वेगळी!

चंद्रपूर, घुग्गुसकडच्या मैत्रिणी म्हणतील, आमचं काय? तिथे कोळसा आणि वीज केंद्राची राख. तिथल्या आशाताईने घरातला धूर कमी केला तरी खिडकीबाहेरचा कसा करणार? तो प्रश्न प्रदूषण मंडळाच्या दारात न्यावाच लागेल. दोन्हीकडे एकच पत्रक वाटून चालणार नाही.

एक मात्र सांभाळायला हवं. प्रत्येक धाप दमा नसते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी आधी तपासायची, क्षयरोग असू शकतो. आमच्याकडे सिकलसेल आहे, रक्त कमी असलं तरी दम लागतो. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या आजीला फुप्फुसाचा दुसराच जुनाट आजार असतो. निदान डॉक्टरांनीच करायचं, पाठपुरावा गावाने.

गंमत अशी की कागदावर सगळं आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात दम लागतो का, स्वयंपाकाला कोणतं सरपण वापरता, हे विचारलेलंच आहे. शाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत श्वासनळ्या आकसण्याचा त्रास आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत दोन्ही पंप आहेत. मग अडतं कुठे? फॉर्म भरला जातो, पुढची भेट होत नाही. आश्रमशाळेतल्या मुलाचं नाव यादीत येतं, पण रात्री दीड वाजता त्याचा पंप अधीक्षिकेच्या कुलपात असतो.

फिनलंड नावाच्या थंड देशाने १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा कार्यक्रम राबवला. काही मोठा शोध लावला नाही. गावोगावच्या आरोग्य केंद्रात दम्यासाठी एक डॉक्टर आणि एक परिचारिका नेमून दिली, औषध दुकानदारांनाही शिकवलं. दमेकरी कमी झाले नाहीत, पण दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून खाली आले. ब्राझीलमधल्या साल्वाडोर शहरात २००३ पासून गंभीर दमेकऱ्यांना पंप फुकट आणि सोबत शिकवणं सुरू केलं, काही वर्षांतच दवाखान्यातली भरती झपाट्याने उतरली. नेमलेलं माणूस आणि न संपणारं औषध, दोन्हीकडे एवढंच.

आमच्याकडे नेमलेलं माणूस म्हणजे पुन्हा आशाताईच. तिच्या हातात आधीच किती वह्या आहेत ते मी पाहते. आणखी एक वही देऊन मोबदला द्यायचा नसेल तर त्याला कार्यक्रम म्हणू नका. महिन्यातून एक दमा-भेट, तिचे वेगळे पैसे, आणि गावातल्याच एखाद्या जुन्या दमेकरी बाईची सोबत, असं केलं तर ते पेलेल. जिने स्वतः पंप घेऊन तेंदू तोडला आहे तिचं बोलणं लोक ऐकतात.

औषधाचं म्हणाल तर पैसा अगदीच नाही असं नाही. पेसा क्षेत्रातल्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि तो आरोग्यावर खर्च करता येतो. बांबू आणि तेंदूपत्त्याचे पैसे ग्रामसभेकडे येतात. मेंढा-लेखाची ग्रामसभा याच तालुक्यातली, तिने बांबूचा हक्क सरकारकडून मिळवला. पावसाळ्यात नाले भरले की मुरुमगाव, पेंढरीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. त्याआधी प्रत्येक उपकेंद्रात दोन्ही प्रकारचे पंप आणि काही बाटल्या ठेवायला ग्रामसभेला किती खर्च येईल, डॉक्टरांना विचारून बघा.

तोवर ही खूण घरात सगळ्यांना माहीत असू द्या. माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, मुलाचं पोट उडत असेल, ओठ निळे पडत असतील, किंवा आरामाचा पंप घेऊनही उतार नसेल, तर वाट पाहू नका. आडवं झोपवू नका, बसतं ठेवा. आरामाचा पंप बाटलीतून देत राहा आणि १०८ ला फोन करा. धानोऱ्याचं ग्रामीण रुग्णालय लांब असेल तर वाटेतही पंप चालूच ठेवायचा.

आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एक ओळ घालायला लावा – आपल्या उपकेंद्रात आज पंप किती शिल्लक आहेत. उत्तर आरोग्यसेविकेने सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं.