जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलताना

जून महिना लागला की शाळेच्या फाटकाशी आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "टीचर, घरचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात. मुलगा म्हणतो, अम्मी, नवाच घेऊ. घ्यावा का?" मी म्हणते, थांबा, आधी आत डिस्क कोणती आहे ते पाहू.

पाहणे सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की डिस्कच्या नावाखाली बहुधा एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले दिसते. एचडीडी असेल आणि काही काम चालू नसतानाही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकून बसत असेल, तर दुखणे सापडले. एसएसडी आधीच असेल तर दुखणे दुसरे आहे, कदाचित रॅम अपुरी पडत असेल. मग डिस्कवर पैसे घालू नका.

एचडीडी म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क. आत चकती असते, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि तिच्यावर एक काटा माहिती शोधत हलतो. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फुटांच्या ५० चकत्या होत्या आणि साऱ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या चकत्या तळहातावर मावतात, पण काट्याची धावपळ तीच. दर खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, आणि लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, सगळे चिपमध्ये. म्हणून तोच जुना लॅपटॉप अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला लागतो, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने थोडा येतो.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. डिस्क बदलल्याने प्रोसेसर बदलत नाही. यंत्र त्याहून जुने असेल तर त्यात उबुंटू टाकून मुलांना अभ्यासाला द्या, चांगले चालते. बँकेचे व्यवहार आधार संपलेल्या विंडोजवर करू नयेत, असे माझे मत.

खरेदीला जाताना लॅपटॉपच्या तळाचा मॉडेल नंबर लिहून न्या. जुन्या यंत्रात अडीच इंची साटा डिस्क बसते. नव्यांत २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी असते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, दिसायला सारखेच, पण एकाच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, दुकानदाराशी भांडू नका.

आता खरे काळजीचे. घरच्या लॅपटॉपात काय नसते? निकाहचे फोटो, घरातल्या बायकामुलींचे फोटो, आधार, पॅन, पासबुकाची प्रत, मार्कशीट, मरहूम दादांच्या आवाजातले रेकॉर्डिंग. त्यामुळे स्क्रू काढायच्या आधी हे सगळे बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा आणि चार-दोन फाइली उघडून बघा. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे काम आजच करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली वहीत लिहून ठेवा.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर करता येते, त्याला क्लोनिंग म्हणतात. नाहीतर विंडोज नव्याने टाकावे लागते. तेव्हा फाइली परत ठेवता येतात, पण प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतात. आम्हा उर्दू शिक्षकांना हे फार जाणवते: प्रश्नपत्रिका असते, पण इनपेज नसते, नस्तालीक फॉन्ट नसतात. विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तो सहसा पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. बिलात त्याचे वेगळे पैसे दिसले तर विचारा.

घरी उघडणार असाल तर यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आत गेल्यावर आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. हे जमणार नसेल तर दुकानात द्या, पण समोर बसून करून घ्या, आणि जुनी डिस्क मागून घरी आणा. "ती आता कचराच आहे, भाभी," असे म्हणतील. तरी आणा. फाइल डिलीट केली की नुसते तिचे नाव पुसले जाते, क्विक फॉरमॅटनेही तेच होते, आणि फोटो परत काढणारे प्रोग्रॅम कोणालाही मिळतात. डिस्क द्यायचीच असेल तर फॉरमॅट करताना क्विकची खूण काढून टाका. तास-दोन तास किंवा जास्तही लागतील, पण वर शून्ये लिहिली जातात.

मी तर म्हणते, देऊच नका. साधी यूएसबी पेटी मिळते, तिच्यात ही डिस्क बसवली की ती बाहेरची डिस्क होते. एसएसडीवरून डिलीट झालेले सहसा परत मिळत नाही, शिवाय ती बिघडते तेव्हा अनेकदा काही इशारा न देता बंद पडते. म्हणून फोटोंची दुसरी प्रत या जुन्या डिस्कवर ठेवा, वर तारखेची चिठ्ठी लावा, आणि रमजान ईदच्या साफसफाईत कपाट आवरताना एकदा जोडून बघा, सगळे उघडते का.