गाठ न पाहता सौदा

मोंढ्यात कापसाची गाडी लागली की खरेदीदाराचा हात आधी गाडीच्या पोटात जातो. वरचा माल सुका आणि खालचा ओला, हे त्याने अनेकदा पाहिलेले असते. मूठभर कापूस काढायचा, दाबून ओल बघायची, चिमटीत तंतू ताणून लांबी जोखायची आणि मगच भाव बोलायचा. परभणी जिल्ह्यात मानवत, सेलूसारख्या बाजारांत कापसाचा व्यवहार असा हाताच्या भरवशावर चालत आला.

तोच कापूस जिनिंगमधून बाहेर पडला की व्यवहाराची तऱ्हा पालटते. सरकी वेगळी होते, रुई दाबून सुमारे १७० किलोची गाठ बांधतात. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने घेतलेल्या कापसाच्या अशा गाठी ई-लिलावात विकते. दूरच्या कोइमतूरची सूतगिरणीही त्यात जागेवरून बोली लावू शकते. लिलाव संगणकावर होतो, पण भाव अजून जुन्या खंडीचाच, सुमारे ३५६ किलोचा.

गाठ डोळ्यांनी न पाहता लाखोंची बोली लागते कशी?

हाताचे काम तिथे प्रयोगशाळेने उचललेले असते. तंतूची लांबी, ताकद, तलमपणा, कचरा, सगळे आकड्यांत उतरते. अलीकडे तर गाठीवर क्यूआर कोडही आला, त्यावरून तिचा माग काढता येतो. खरेदीच्या टोकालाही मापच बोलते: सीसीआय ८ टक्के ओल प्रमाण धरते, ओल त्याहून जास्त, पण १२ टक्क्यांपर्यंत असेल तर भाव कापते आणि त्यापुढचा कापूस घेत नाही.

१४ एप्रिल २०१६ रोजी २१ बाजार समित्यांपासून सुरू झालेल्या ई-नामची, म्हणजे राष्ट्रीय ऑनलाइन कृषी बाजाराची, कल्पना हीच होती: माल न पाहता मापावर बोली. पण सोयाबीनचा वा तुरीचा प्रत्येक ढीग निराळा. कुठे माती, कुठे डागी दाणे. बिटाच्या, म्हणजे लिलावाच्या, गर्दीत प्रत्येक ढिगाची प्रतवारी झटपट झाली नाही, तर आकडा संगणकावर चढतो, व्यापारी मात्र ढिगाशीच उभा राहतो.

ऑनलाइन किरकोळ विक्रीतही अडचण तीच होती: वस्तू न पाहता पैसे कसे द्यायचे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये वस्तू हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि कार्ड नसलेले, असूनही बिचकणारे गिऱ्हाईक पुढे आले. तिथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून जोखीम दुकानदाराने घेतली.

बाजार समित्यांनी नवे संगणक जरूर घ्यावेत. त्याआधी ओल मोजायचे यंत्र आणि प्रतवारीचे टेबल मोंढ्याच्या दाराशी मांडावे, आणि तपासणीची चिठ्ठी बीट सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती द्यावी.