नवजोत म्हणजे काय?

अंबरनाथच्या एमआयडीसींत कामास जाणारे एक पालक परवां शाळेंत आले व म्हणाले, "गुरुजी, आमच्या पारशी साहेबांच्या मुलीची नवजोत झाली, पेढे वांटले. ही काय मुलीची मुंज?" प्रश्न साधा, पण आम्हां शेतकरी-कारागिरांनीं विचार करावा असा आहे.

नवजोत म्हणजे 'नवी ज्योत' असें कानास वाटतें. परंतु पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी (1854–1933) यांनीं अर्थ निराळा लाविला: 'नव' म्हणजे नवा आणि 'जोत' म्हणजे प्रार्थना करणारा. पारशांच्या जुन्या अवेस्ता भाषेंत यज्ञ चालविणाऱ्यास 'झओतर' म्हणत. तोच संस्कृतांतला 'होता'. संस्कृताच्या 'ह'जागीं तिकडे पुष्कळदां 'झ' येतो. आपला बाहू तो त्यांचा बाझू. तोच फारशींतून आला आणि बाजूबंद होऊन आमच्या बायांच्या दंडावर बसला.

तेव्हां नवजोत म्हणजे नवा होता! साधारण सात ते अकरा वर्षांचें मूल अंगांत मलमलीचा पांढरा सदरा घालतें, कमरेस लोकरीच्या 72 धाग्यांच्या कुस्तीचे तीन वेढे घेतें. मोबेद, म्हणजे त्यांचा पुरोहित, समोर असतो. पण प्रार्थना मूल स्वतःच्या तोंडानें म्हणतें. मुलगा असो वा मुलगी, सदरा तोच, कुस्ती तीच, प्रार्थनाही तीच.

आणि आमच्याकडे? होता कोणीं व्हावें हें जन्मावर ठरलें. शूद्रानें वेद ऐकणेंही पाप. 1899 सालीं कोल्हापुरांत प्रत्यक्ष शाहू छत्रपतींस वेदोक्ताचा अधिकार नाहीं असें ऐकावें लागलें. मग कुणब्या-सुताराची काय कथा? देव आणि माणूस यांमध्यें दलाल नको, हें सांगण्यासाठींच जोतीरावांनीं 1873 सालीं सत्यशोधक समाज काढला.

पारशांचें सगळेंच गोड आहे असें नव्हे. त्यांच्यांतही पुरोहितपण पिढीजात राहिलें, आणि परजातींत लग्न केलेल्या मुलीच्या लेंकरांना नवजोत द्यावी कीं नाहीं यावर अजून भांडणें आहेत. शब्दाचा अर्थ मोठा, माणसाचें मन लहान. हा रोग सर्वत्र सारखाच.

पण अर्थ घेण्यासारखा आहे. बंधूंनो, भगिनींनो, मुंजीची नक्कल करण्यांत कांहीं राम नाहीं. घरांत लग्न असो, वास्तु असो, प्रार्थना आपल्याच मराठींत, आपल्याच लेकीच्या तोंडून होऊं द्या. दक्षिणेचे पैसे तिच्या वह्या-पुस्तकांस लावा.

त्या पालकांस मी एवढेंच सांगितलें: "दादा, ती मुंज नव्हे. साहेबांची मुलगी त्या दिवशीं आपली आपण भटजी झाली. तुमची कधीं होणार?"