गंजिफ्याच्या पानावरचा बुद्ध

सावंतवाडीचा गंजिफा ही मोठी कला आहे, हे आम्हाला मान्य आहे. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडायचे, गोल पाने कापायची, एकेक चित्र हाताने रंगवायचे, वर लाखेचा थर द्यायचा. दशावतारी संचात अशी 120 पाने असतात. रंग 10, प्रत्येक रंगाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. 1970च्या दशकात तिथल्या राजघराण्याने ही कला पुन्हा उभी केली, ते श्रेय त्यांना द्यावेच. फक्त रंगवणारे हात चितारी समाजाचे आणि कौतुकाच्या लेखांत नाव राजवाड्याचे, हा आपल्याकडचा जुनाच हिशेब.

पण आमचा खरा आक्षेप नवव्या रंगावर आहे. मत्स्य, कूर्म, वराह करत राम, कृष्ण आणि त्यानंतर बुद्ध. तथागतांना विष्णूचा अवतार म्हणून पत्त्यांत बसवले आहे.

कळमन्यात आमच्या अभ्यासवर्गात ही पाने मोबाइलवर पाहिली, तेव्हा एक शिकलेले मित्र म्हणाले, "कलेत धर्म कशाला आणता?" आम्ही कुठे आणला? तो पानावर आधीच रंगवलेला आहे. काहींना तर वाटते, देवांच्या पंगतीत बसवले म्हणजे मानच दिला. कसला मान? भागवत पुराण उघडा. बुद्ध कीकट देशात जन्म घेईल तो देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी, असे तिथे सांगितले आहे. ज्याने दुःखाचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्ग सांगितला, तो म्हणे भुलवायला आला! खेळातही तेच. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. बुद्धाच्या राजाला तो अधिकार नाही. ओडिशाच्या संचांत तर नवव्या जागी जगन्नाथ येतो. आधी सामावून घ्यायचे, मग जागाही काढून घ्यायची.

14 ऑक्टोबर 1956 रोजी आमच्याच नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पाचवी नेमकी या अवताराच्या खोट्या प्रचाराविरुद्ध आहे. ती घेतलेल्या घरातल्या मुलांनी हे पान नुसते "सुंदर" म्हणून पुढे सरकवायचे काय?

पाने जाळा, असे आम्ही म्हणत नाही. जे जाळायचे होते ते 1927 साली महाडला जाळले गेले. जुने संच जपा, चितारी कारागिरांना रास्त मोल द्या. परंपरा मोडेल ही भीतीही नको. मुघल गंजिफ्यात 96 पाने आणि 8 रंग, ताज, शमशेर, गुलाम वगैरे. त्यात अवतार नव्हतेच. पुढे दशावतार आले, नवग्रह आले, राशी आल्या. विषय बदलतच गेले आहेत. आमची मागणी साधी आहे. संग्रहालयाच्या पाटीवर आणि विक्रीच्या डब्यावर "विष्णूचा नववा अवतार बुद्ध" असे सरळ छापू नका. ही पुराणांची समजूत आहे आणि बौद्धांनी ती नाकारली आहे, एवढ्या दोन ओळी त्या नावाशेजारी लिहा.