पोराला ‘बाहेरचं’ नाही, आजार झालाय! मग दवाखाना गाठायला वर्ष का लागतं?

स्किझोफ्रेनियाची लक्षणं गावाला लवकर दिसतात, पण उपचार उशिरा सुरू होतात आणि लवकर बंद पडतात. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असताना याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. जिल्ह्याच्या गावी रॅली निघते, बॅनर लागतं, फोटो ग्रुपवर फिरतात. त्याच दिवसांत आपल्या तालुक्यांत वेगळीच गडबड असते. सोयाबीनची काढणी, मळणी चालू असते. मुकादमाची उचल घेतलेल्या घरांत दिवाळीनंतर कारखान्यावर निघायची तयारी सुरू झालेली असते. या धावपळीत एखाद्या घरातल्या पोराच्या गोळ्या संपतात. आणायला कुणी जात नाही. तसाही तो ‘आता बराच’ असतो. दोन-तीन महिन्यांनी पाचटाच्या कोपीत त्याचा आजार पुन्हा उसळतो आणि टोळीत बोभाटा होतो की ‘ह्याला पुन्हा लागलं’.

मनाचे आजार पुष्कळ आहेत. उदासीनता वेगळी, दारूचं व्यसन वेगळं, भीतीचे झटके वेगळे. आज बोलायचं आहे ते स्किझोफ्रेनियाबद्दल, कारण गावात सगळ्यात जास्त गैरसमज याच आजाराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात आठ-दहा जण धरा. आठवून बघा, तेवढी नावं तुमच्याही डोळ्यांसमोर येतील.

सुरुवात कशी होते?

हा आजार बहुतेक वेळा ऐन उमेदीत गाठतो. पोरांमध्ये साधारण अठरा ते पंचवीसच्या आसपास, बायकांमध्ये थोडा उशिरा. म्हणजे कॉलेज, भरतीची तयारी, लग्नाची बोलणी नेमकी चालू असतात तेव्हा.

पहिले काही महिने तो आजार वाटतच नाही. पोरगा मित्रांत बसायचं सोडतो. रात्र रात्र जागतो. अंघोळ, दाढी, कपडे याकडे दुर्लक्ष करतो. अभ्यासात किंवा कामात मन लागत नाही. घरच्यांना वाटतं आळशी झाला, मोबाईलच्या नादी लागला, नाहीतर प्रेमात पडला.

मग ठळक लक्षणं दिसतात. कुणी नसताना आवाज ऐकू येतात. ते आवाज शिव्या देतात, हुकूम सोडतात, त्याच्याबद्दल आपसात बोलतात. भावकी आपल्यावर पाळत ठेवते, जेवणात विष घातलंय, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय असे संशय पक्के बसतात. कितीही समजावलं तरी ते हलत नाहीत. बोलण्याचा मेळ लागत नाही. पेशंट एकटाच हसतो, पुटपुटतो.

ध्यानात घ्या, त्याला तो आवाज खरोखर ऐकू येतो. तुम्हाला शेजारच्याचा आवाज येतो तितका स्पष्ट. त्यामुळे ‘नाटकं बंद कर’ म्हणून काही होत नाही. आपण आजारी आहोत हेच कित्येक पेशंटना पटत नाही. हा त्यांचा हट्टीपणा नसतो, ते आजाराचंच एक लक्षण असतं.

निदान कसं करतात?

‘डोक्याचा फोटो काढा, रक्त तपासा, मग कळेल,’ असं अनेकांना वाटतं. पण स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची तपासणी नाही आणि स्कॅनही नाही. डॉक्टर पेशंटशी बोलतात. त्याहून जास्त घरच्यांना विचारतात: कधीपासून, काय काय, झोप कशी, व्यसन काय, घराण्यात कुणाला होतं का. लक्षणं किती काळ टिकून आहेत हे महत्त्वाचं असतं. ठळक लक्षणं निदान महिनाभर असावीत, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. महिनाभर थांबून मग दवाखान्यात जायचं, असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या आठवड्यातच जायचं, नाव काय द्यायचं ते डॉक्टर बघतील.

रक्त आणि स्कॅन सांगतात ते दुसरी कारणं वगळायला. थायरॉईड, मेंदूतला संसर्ग, फिट येणं, गांजा, दारू एकदम सोडल्यावरचा त्रास, यांतही माणूस असंबद्ध बोलू शकतो. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. ताप आहे, काही तासांतच माणूस बरळायला लागलाय, दिवस-रात्र कळेना, गुंगी येतेय, तर उद्याची वाट बघू नका. ही इमर्जन्सी आहे. सरळ १०८ बोलवा.

म्हणूनच घरच्यांनी एका कागदावर तारखा लिहून न्याव्यात. दिवाळीत झोप उडाली, पोळ्याला पहिल्यांदा आवाजाबद्दल बोलला, एवढं जरी सांगितलं तरी डॉक्टरचं काम सोपं होतं.

पहिला उशीर: देवऋषी, लग्न आणि लाज

गावात हे बदल आईला सगळ्यात आधी दिसतात. पण दिसणं आणि आजार समजणं यात वर्ष निघून जातं. आधी उतारा, मग देवऋषी, मग लांबचं ठाणं. पैसा संपतो, कधी दागिना मोडतो. कुणीतरी सुचवतं, ‘दोनाचे चार करा, सुधारेल.’ लग्नाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. उलट नव्या जबाबदारीचा ताण पेशंटवर येतो आणि आजार लपवून आणलेल्या पोरीची फरफट होते. पोरीलाच आजार असला तर तिला माहेरी आणून सोडतात, तिकडे कुणी फिरकत नाही.

या उशिराची किंमत डॉक्टरांनी जगभर मोजली आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंत जितका काळ जातो, तितकी पुढे सुधारणा कमी आणि हळू होते. शिक्षण सुटतं, काम सुटतं, मित्र तुटतात. आजार आटोक्यात आला तरी तुटलेलं पुन्हा जोडायला फार कष्ट पडतात.

देवावर श्रद्धा ठेवायला कुणाची हरकत नाही. नवस बोला, दर्शनाला जा, सोबत गोळीही द्या. पण भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी सहा महिने ते सात वर्षं कैद आणि दंड आहे.

साखळीने काय होतं ते देशाने बघितलंय. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. हातापायाला साखळी घालायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे.

दुसरा उशीर: बरं वाटलं, गोळी बंद

औषधाने आवाज आणि संशय कमी व्हायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. झोप जास्त येणं, हात थरथरणं, अंग ताठणं, वजन वाढणं असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरला सांगितले तर डोस किंवा औषध बदलता येतं. गोळी घ्यायला नकार असेल तर काही आठवड्यांतून एकदा द्यायचं इंजेक्शनही आहे. चोरून चहात गोळी घालण्यापेक्षा हे डॉक्टरशी बोलणं केव्हाही चांगलं. उघडकीला आलं, तर विषाचा संशय पक्का होतो.

खरी फसगत पुढे होते. तीन-चार महिन्यांत माणूस शेतात जायला लागतो आणि घरचे म्हणतात, झालं बरं. पण पहिल्याच झटक्यानंतरसुद्धा औषध साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात, आजार उलटला असेल तर त्याहून जास्त. मधेच बंद केलं की तो उलटायची शक्यता कित्येक पट वाढते आणि दर वेळी सावरायला जास्त दिवस लागतात. बीपी, शुगरची गोळी आपण बंद करत नाही, इथे मात्र घाई करतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न इथेच आहे. पाच-सहा महिने परमुलखात, दर पंधरा दिवसाला नवा फड. म्हणून निघायच्या आधी डॉक्टरला सांगा की आम्ही अमुक भागात चाललोय. जास्तीत जास्त दिवसांचं औषध मागा. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. पेशंटला म्हाताऱ्या आईजवळ गावी ठेवणार असाल, तर गोळीची जबाबदारी कुणाची हे आधी ठरवा आणि आशाताईंना सांगून जा.

पुढे काय होतं?

‘हा आता जन्माचा गेला’ हे वाक्य खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तीनपैकी निदान एक पेशंट पूर्ण बरा होऊ शकतो. उरलेल्यांत बऱ्याच जणांना मधूनमधून त्रास होतो, पण औषधावर ते संसार करतात, काम करतात. काहींना मात्र कायम आधार लागतो.

घराण्याची भीतीही प्रमाणात ठेवा. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहा. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. भावाच्या आजारापायी बहिणीचं लग्न मोडणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

कायदा कागदावर, गोळी कुठे?

निमहान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं त्यात आढळलं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला जागा नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी राहिली. कोपऱ्यातल्या तालुक्याहून तिथे जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं पाण्यात.

खरं तर बहुतेक पेशंटना तिथे भरती करायची गरजच नसते. त्यांना लागते ती जवळ मिळणारी ओपीडी आणि न चुकणारी गोळी. त्यासाठीच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. २०१७ चा कायदा तर सांगतो की आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत.

आता प्रश्न साधा आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी कोणत्या दिवशी असते? तो दिवस दारावर लिहिलाय का? मागच्या महिन्यात गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या? रस्ता आणि पाण्यासारखे हे प्रश्नही ग्रामसभेत विचारले पाहिजेत. साप चावल्यावरची लस दवाखान्यात नसली तर आपण आवाज उठवतो. ही गोळी नसली तर कुणी बोलत नाही, कारण पेशंटचं घरच लाजेने गप्प असतं. मागणीच नाही म्हणून पुरवठ्याकडे लक्ष नाही, आणि पुरवठा नाही म्हणून पेशंट पुन्हा देवऋषीकडे. हे चक्र वरून तुटणार नाही, गावातूनच तुटेल.

आज काय कराल?

- लक्षणं दिसली तर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी घ्या.
- टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीत बोलता येतं.
- पेशंट मरणाची भाषा करत असेल किंवा ‘आवाज मला जीव द्यायला सांगतोय’ म्हणत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलुपात ठेवा.
- कुणाला घरात बांधून किंवा उपाशी ठेवलंय असं दिसलं तर पोलीस ठाण्यात कळवा. मॅजिस्ट्रेटपर्यंत ती माहिती पोचवणं हे २०१७ च्या कायद्याने ठाण्याच्या प्रमुखाचं काम आहे.
- आजार लांबला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे.

आणि पेशंट बरा होऊन पारावर आला, तर ‘कसंय डोकं आता?’ असं विचारू नका. पाऊस कसा झाला ते विचारा, चहा पाजा, जमेल ते काम द्या. गोळी दवाखान्यात मिळते, हे मात्र गावातच मिळतं.