फोडणीच्या चपातीला पाटीवर जागा द्या

काळाचौकीच्या चाळींत सकाळचा एक वास ठरलेला. आधी मोहरी तडतडते, मग हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. रात्रीच्या उरलेल्या चार-पाच चपात्या हाताने कुस्करून कढईत पडतात, पाण्याचा एक हबका बसतो, वर झाकण. चहा उकळेपर्यंत नाश्ता तयार. गिरगाव-दादरच्या अनेक घरांत ती फोडणीची पोळी, लालबाग-काळाचौकीत फोडणीची चपाती. कुणी कुस्करा म्हणतं, कुणी लाडाने माणिकमोती. विदर्भात तेच कुटके होतात.

हा पदार्थ हॉटेलात खायचा म्हटलं, तर मात्र पायपीट होते. लालबागला लाडू सम्राटमध्ये मिसळ आहे, कोथिंबीर वडी आहे. दादरला मामा काणे, प्रकाश, आस्वाद अशी एकाहून एक नावं. साबुदाणा वडा, थालीपीठ, दडपे पोहे तिथे मानाने बसलेले. मराठी खाणं मिळत नाही अशी तक्रार या पट्ट्यात कुणी करू नये. फोडणीची चपाती मात्र पाटीवर क्वचितच दिसते. लाखो घरांत आठवड्यातून एकदा तरी होणारा हा पदार्थ विकत घ्यायला निघालेला माणूस बहुधा पोहे खाऊन परततो.

करी रोडचा पूल ओलांडून लोअर परळला गेलं की चित्र पालटतं. फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत जिथे माग चालायचे, तिथे आज रविवारी दुपारपर्यंत ‘ब्रंच’ चालतो. जगभरच्या न्याहाऱ्या तिथल्या कार्डांवर येतात, आणि त्यात काही गैर नाही. पण मेक्सिकोची सर्वांत लाडकी न्याहारी कोणती, हे समजून घ्यावं. तिचं नाव चिलाकिलेस. मक्याच्या उरलेल्या, कडक होत चाललेल्या तोर्तिया, म्हणजे तिकडच्या भाकऱ्याच. त्यांचे तुकडे करून तळायचे, लाल किंवा हिरव्या मिरचीच्या रश्शात घोळवायचे, वर कांदा, चीज, साय आणि असेल तर अंडं. मूळ गरज आपलीच: कालची भाकरी वाया जाऊ द्यायची नाही.

तुकडे कुरकुरीत राहावेत की रश्शात मऊ व्हावेत, यावर मेक्सिकोत घराघरांत मतभेद आहेत. इकडेही चपाती जाड कुस्करायची की मिक्सरमधून काढायची, वाफेवर मऊ ठेवायची की तळाशी खरपूस होऊ द्यायची, यावर दोन बहिणींचं एकमत होत नाही. (खरपूस लागलेला तो तळाचा थर ज्याला मिळाला, त्याची सकाळ चांगली गेली.)

फरक पुढे आहे. मेक्सिकोने हा उरल्यासुरल्याचा पदार्थ घरात कोंडून ठेवला नाही. 1898 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत छापलेल्या एन्कार्नासिओन पिनेदो या बाईंच्या स्पॅनिश पाककृतींच्या पुस्तकात चिलाकिलेसच्या कृती आहेत. आज तिथे तो साध्या खानावळीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळीकडे मिळतो. मेक्सिको सिटीच्या कोंदेसा भागात रस्त्याच्या एका कोपऱ्यावर चिलाकिलेस पावात भरून देतात आणि सकाळी त्यासाठी रांग लागते. वडापावच्या गावात हे वेगळं समजावून सांगायला नको. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या संस्कृतीचा पाया मका, घेवडा आणि मिरची, म्हणजे साध्या घरातलेच जिन्नस.

त्यातली मिरची तर आपल्याकडे तिकडूनच आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून ती आणली. लालबागच्या मसाला बाजारात उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरीचे ढीग लागतात, निम्मी मुंबई वर्षाचं तिखट करून घ्यायला तिथे येते. चिलाकिलेस आणि फोडणीची चपाती यांचं नातं असं मिरचीच्या देठापासूनचं आहे.

मग हॉटेलवाले का कचरतात? अडसर ‘शिळं’ या शब्दाचा आहे. शिळं म्हणजे गरिबीचं, शिळं म्हणजे सगळ्यांची जेवणं झाल्यावर घरातल्या बाईच्या वाट्याला येणारं. गिरणगावात ही गोष्ट पुस्तकी नाही. पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या डब्यात ताजी चपाती जायची आणि कालची मागे राहायची. त्या मागे राहिलेल्या चपातीची चव जिने फोडणी देऊन उभी केली, तिचं कसब पाककला म्हणून कधी मोजलं गेलं नाही. पदार्थ पाटीवर आला, तर ते कसबही पाटीवर येईल. मागणीमागचं खरं कारण हेच आहे.

स्वच्छतेचा मुद्दा कुणी काढेल. तो रास्त आहे, पण अवघड नाही. उडुपी हॉटेलं गार झालेल्या इडलीची फ्राय इडली करून विकतात, चायनीजच्या गाड्यांवर आधी शिजवून गार केलेलाच भात परततात आणि तामिळनाडूत परोट्याचे तुकडे तव्यावर कुटून केलेला कोत्तु परोटा तर रात्रीचं मुख्य खाणं आहे. रात्री मुद्दाम चपात्या लाटून, नीट झाकून थंड जागी ठेवल्या की सकाळी काम होतं. गिऱ्हाईकाच्या उष्ट्या ताटातलं कुणी मागत नाहीये.

‘घरी होतं ते बाहेर कोण खाणार?’ हा दुसरा आक्षेप तर पोह्यांनी आणि उपम्यानेच खोटा पाडला आहे. मिसळीनेही. 2015 मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात आस्वादची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. उसळीवर फरसाण टाकून पाव बुडवणारे हात तेव्हा वेगळे नव्हते.

शिवाय घरी होतं, हेही आता पूर्वीइतकं खरं नाही. चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, घरात माणसं कमी, चपात्या मोजून लाटतात किंवा पोळीभाजी केंद्रातून आणतात. उरतच नाही, तर फोडणी कशाला द्यायची? नोकरीसाठी एकट्याने राहणाऱ्या मुलामुलींना तर हा पदार्थ गावी गेल्यावरच मिळतो.

सुरुवात मोठ्या हॉटेलांनीच करावी असं नाही. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना घेऊन, आणि चपातीतलं या बायकांइतकं कुणाला कळणार? परळ-लालबागच्या पोळीभाजी केंद्रांत चपात्या रोज लाटल्या जातातच. रविवारी सकाळी आठ ते दहा एक मोठी कढई, सोबत वाटीभर दही, लिंबाची फोड, वर कोथिंबीर आणि शेंगदाणे. काउंटरवरच्या फळ्यावर खडूने दोन शब्द लिहायचे. ‘पोळी’ लिहायचं की ‘चपाती’, ते त्या त्या गल्लीने ठरवावं.