बोनस मिळतो, पण गडी आत येत नाही

काल रात्री भाईंदरमधल्या एका कबड्डी स्पर्धेचा बक्षीस समारंभ बघून घरी आलो आणि झोपच लागली नाही. म्हणून लिहितोय. थोडं लांब आहे, वेळ काढून वाचा. कुणाला लागलं तर लागू दे.

फ्लडलाइट, मॅट, डीजे, स्टेजवर माणसं मावेनात. मालिकावीराला मोटारसायकल. मालिकावीर अर्थातच चढाईपटू, आणि तोही बाहेरच्या जिल्ह्यातून तीन दिवसांसाठी आणलेला. उत्कृष्ट पकडीला मिक्सर. विजेत्या संघाच्या छातीवर आपल्या गावाचं नाव होतं, पण मैदानात उतरलेल्या सात जणांत गावची पोरं होती दोन. बाकीची राखीव बाकावर, नवे टी-शर्ट घालून टाळ्या वाजवत बसलेली.

मी स्वतः चढाईपटू होतो. बारा वर्षं खेळलो. त्यामुळे मी चढाईपटूंवर जळतो असं कुणी म्हणू नये. हार माझ्याच गळ्यात पडायचे. म्हणूनच आज मला बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

कबड्डीचा नियम बघा. मी बाद झालो की बाहेर बसणार. कितीही मोठा खेळाडू असो, त्याला स्वतःहून परत आत येता येत नाही. आत असलेल्या कुणीतरी चढाईत गडी मारावा लागतो किंवा पकड करावी लागते, तेव्हा आपला एक माणूस परत येतो. म्हणजे ज्याला आपण हीरो म्हणतो, त्याला उभं करणारा दरवेळी दुसराच असतो. आणि बोनस? सहा किंवा जास्त बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, फलकावर आकडा वाढतो, पण त्या गुणावर बाहेर बसलेला एकही गडी आत येत नाही.

आमच्या स्पर्धा आज नुसत्या बोनसवर चालल्यात. आकडा वाढतोय, गडी बाहेरच बसलाय.

एक गोष्ट सांगतो, माझ्या लाजेची आहे. 1998 ची. अंतिम सामना, आम्ही एका गुणाने पुढे, शेवटची चढाई समोरच्यांची. त्यांचा गडी आमच्या डाव्या कोपऱ्याकडे वळला आणि आमच्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला तो सोडलाच नाही. तेव्हा मॅट नव्हती, माती होती. पठ्ठ्याचा गुडघा फुटला. सामना आम्ही जिंकलो. मला सायकल मिळाली, त्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला, त्यावर एकट्या माझा फोटो. मी तो बॅनर चारदा जाऊन बघितला. त्याला बघायला मात्र आठवड्याने गेलो.

नंतर तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला. खेळ सुटला. पुढच्या वर्षी मी तोच, चढाई तीच, आणि आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तेव्हा कळलं की मी पुढे जाऊन धाडस करायचो, ते मागे तो उभा असायचा म्हणून.

आता कुणी म्हणेल, काका, तुमचा जमाना गेला, आता व्यावसायिक खेळ आहे. बरं, मग व्यावसायिकच बोलू. प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांच्या वर रक्कम मोजून घेतलं. पवन मोठा खेळाडू, त्यात वादच नाही. संघ 22 सामन्यांत 2 जिंकून तळाला गेला. आणि 1 मार्च 2024 ला, त्यांच्याच हैदराबादमध्ये, चषक कुणी उचलला? आपल्या पुणेरी पलटणने. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा. सोबत बरीच वर्षं एकत्र वाढवलेली तरुण पोरं.

पुण्यानेही पैसा ओतला होता हे खरंय, लपवत नाही. 2 कोटी 35 लाख. पण कुणावर? इराणच्या शादलूवर. मुळात बचावपटू! पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणाने पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. दोन वर्षं, दोन चषक, दोन्हीकडे घोटा धरणारा माणूस. आणि आपण पकडीला मिक्सर देतो.

“हरलो तरी चालेल, खेळलो हे महत्त्वाचं” असली भाषणं मला ऐकवू नका. मी जिंकायलाच उतरायचो. हरल्यावर मला दोन दिवस जेवण जायचं नाही. पण जिंकणं म्हणजे काय ते आधी ठरवा. पाहुणे आणून चषक कपाटात ठेवला, ते पाहुणे सोमवारी आपल्या गावी गेले आणि मंगळवारी मैदानावर सरावाला चार पोरं आली, तर जिंकलं कोण? बॅनरवाला जिंकला. गाव हरलं.

“पाहुण्यांशिवाय गर्दी जमत नाही” हाही एक युक्तिवाद असतो. अहो, राई-मुर्धा, उत्तन, नवघर, काशी या आपल्या गावांत शेजारच्या पोराची चढाई बघायला लोक कौलावर चढून बसायचे. स्वतःचं पोर मैदानात असलं की आई-बाप, काका, मामा सगळे येतात. पाहुण्याचा कोण येतो? मॅनेजर.

2011 च्या जनगणनेतच आपलं शहर आठ लाखांवर गेलं होतं. एवढ्या वस्तीतून बारा जणांचा एक संघ उभा राहत नाही, असं मला कुणी सांगू नये. पोरं आहेत. संध्याकाळी सहा ते आठ फुकट उभं राहायला जागा नाही. टर्फ तासाच्या भाड्याने, आणि ते भाडं रिक्षावाल्याच्या पोराला परवडत नाही.

म्हणून आयोजकांना आणि मतं मागायला येणाऱ्या सगळ्या दादा-भाऊ-ताईंना माझं सरळ सांगणं आहे. सातपैकी किमान पाच गडी शहरातले, हा नियम करा. मोटारसायकलचे पैसे बारा जणांत वाटा, किंवा चढाई आणि पकडीचं बक्षीस एकसारखं ठेवा. आणि एका रात्रीच्या डीजेऐवजी प्रत्येक प्रभागात एक पट्टा माती द्या, वर्षभर, विनामूल्य. मॅट नको, माती चालेल. आम्ही मातीवरच घडलो.

15 जुलैला बुवा साळवींच्या फोटोला हार घालून कबड्डी दिन साजरा करता ना? मग त्या दिवशी ही घोषणा करा. हार घालायला मी स्वतः येतो.

आमचा तो डावा कोपरा आजही गुडघा धरून जिना चढतो. काल त्याचा नातू राखीव बाकावर होता. तीन दिवसांत एक मिनिटही त्याला आत घेतलं नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा. पण नुसता अंगठा दाखवून जाऊ नका, तो पण बोनसच आहे.